धक्का जिला, थ्रो तिचा

आमच्या शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलची एकच रिंग आहे आणि ती दुकानातून आणलेली नाही. शाळेचा एक जुना विद्यार्थी वेल्डिंगचं काम करतो. त्याने सळई वाकवून रिंग केली, बोअरवेलच्या जुन्या पाइपवर ती उभी केली आणि मागे प्लायवूडचा बोर्ड ठोकला. पैसे घेतले नाहीत, चहा तेवढा घेतला. पहिल्याच पावसाळ्यात प्लायवूड फुगलं, तेव्हा त्यावर पत्रा मारून दिला. त्यामुळे आमच्याकडे चेंडू बोर्डवर आदळला की अर्ध्या मोहल्ल्याला कळतं.

यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रस-दारव्ह्याच्या बाजूला, उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो. ‘आम्ही’ म्हणजे एकट्याच. घरात लहानपणापासून ‘हम’ म्हणायची सवय, ती मराठीत लिहितानाही सुटत नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

खेळाशी आमचा संबंध आला तो अपघातानेच. पी.टी.चे सर निवृत्त झाले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले, जुन्या शिस्तीचे गृहस्थ. त्यांच्या जागी लवकर कोणी आलं नाही. मुलांचं क्रिकेट आणि कबड्डी एका सरांकडे गेली आणि मुलींचं जे काही असेल ते आमच्याकडे आलं. कारण एवढंच, की मुलींना बाहेरगावी न्यायचं तर सोबत बाई हवी. आम्हाला बास्केटबॉलमधला ‘ब’ येत नव्हता. नियमांचं पुस्तक मागवलं, शिवणकामाच्या टेपने अंतरं मोजली, रिंग जमिनीपासून १० फूट आहे की नाही ते बांबू लावून पाहिलं आणि बोर्डपासून १५ फुटांवर चुन्याने एक रेघ ओढली. ती फ्री थ्रोची रेघ. त्या वेळी ती आम्हाला सगळ्यांत कमी महत्त्वाची वाटली होती.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रिंगमध्ये चेंडू टाकायला निघालेल्या खेळाडूला समोरच्याने धक्का दिला, हात मारला, तर पंच शिट्टी वाजवतात. मग त्या खेळाडूला रेघेमागे उभं करून चेंडू देतात. बाकीचे बाजूला थांबतात. कोणी अडवायचं नाही, मध्ये यायचं नाही, लक्ष विचलित करायचं नाही. पाच सेकंदांत चेंडू टाकायचा. आत गेला तर एक गुण. धावपळीच्या, ढकलाढकलीच्या या खेळात एवढा एकच क्षण असा, की तुम्हाला कोणी अडवत नाही. आणि कोणी मदतही करत नाही.

आमच्या संघात नववीतली एक मुलगी होती. नाव लिहीत नाही, गाव लहान आहे. उंच, वही स्वच्छ, गणितात हुशार. पण तिला काही विचारलं की उत्तर शेजारची देणार. “फी भरली का गं?” तर मैत्रीण म्हणे, “भरली, आपा.” “पोट दुखतंय का?” तर मैत्रीणच, “हो आपा, सकाळपासून.” पालकसभेत तिच्या वतीने अम्मी बोलायच्या आणि अम्मींच्या वतीने अब्बा. अब्बांचं टायर-पंक्चरचं दुकान. स्पर्धेला न्यायची परवानगी मागायला आम्ही दुकानावर गेलो तेव्हा त्यांनी पान्यावरची नजरही न हलवता सांगितलं, “आपा, आप साथ हैं तो ले जाइए. वरना नहीं.” मुलगी मागे उभी होती. तिला जायचं आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. खरं सांगायचं तर आम्हीही विचारलं नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी पहिली अडचण स्कार्फची आली. सामना सुरू व्हायच्या आधी पंचांनी आमच्या मुलींना थांबवलं. मुली घाबरल्या, आम्ही पदर खोचून भांडायच्या तयारीत पुढे झालो. पंच शांतपणे म्हणाले, “मॅडम, स्कार्फ राहू द्या. टाचण्या काढा. कोणाच्या डोळ्यात जाईल.” आमची तयारी वाया गेली. टाचण्या काढल्या, स्कार्फची टोकं जर्सीत खोचली, दोघींना केसांची रबरं लावली आणि खेळ सुरू झाला.

त्या पंचांना नियम ठाऊक होता. आम्हाला तो नंतर कळला. बास्केटबॉलची जागतिक संघटना फिबा, तिने पूर्वी डोकं झाकायला मनाईच केली होती. २०१४ साली इंचॉनच्या आशियाई खेळांत कतारच्या मुलींना हिजाब काढायला सांगितलं गेलं. त्यांनी काढला नाही, सामना सोडला आणि न खेळता परत गेल्या. पुढे २०१७ च्या मे महिन्यात फिबाने नियम बदलला आणि १ ऑक्टोबर २०१७ पासून डोकं झाकून खेळायला मुभा मिळाली. अटी साध्या आहेत. चेहरा उघडा हवा, रंग ठरलेले हवेत आणि चेहऱ्याशी, गळ्याशी उघडझाप करायचं काही, म्हणजे पिन किंवा हुक, नको. आमच्या कितीतरी घरांत “डोकं झाकून कुठे खेळू देतात?” असं म्हणून विषय संपवला जातो. आम्हीही तसंच म्हणत होतो. परत आल्यावर आम्ही मशीनवर बसून होजिअरीच्या कापडाचे बारा स्कार्फ शिवले. डोक्यातून घालायचे, गळ्याशी इलास्टिक, टाचणी नाही.

पण तो दिवस लक्षात राहिला तो स्कार्फमुळे नाही.

शेवटचं मिनिट. गुण १४-१५, आम्ही एकाने मागे. त्या मुलीने रिंगखाली उडी घेतली आणि समोरच्या मुलीचा खांदा तिला असा लागला की ती सिमेंटवर बसलीच. शिट्टी झाली. दोन फ्री थ्रो. ती उठली, कोपर झटकलं, पंचांनी चेंडू हातात दिला आणि ती सरळ वळून कॅप्टनला चेंडू द्यायला निघाली. कॅप्टननेही हात पुढे केला. आमच्या संघात नेम तिचाच चांगला होता, त्यामुळे कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. पंच म्हणाले, “तिला नाही. धक्का तुला लागला ना? मग तूच मार.”

तिने आमच्याकडे पाहिलं. आणि आम्ही, तिच्या शिक्षिकेने, काय केलं? आम्हीसुद्धा हाताने कॅप्टनकडेच खूण केली. पंचांनी मान हलवली.

पहिला चेंडू रिंगच्या दोन-तीन फूट अलीकडेच पडला. दुसरा रिंगच्या पुढच्या कडेवर लागून परत आला. थोड्या वेळात खेळ संपला, १४-१५.

परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी बसली. कॅप्टन एकदा “मी मारला असता तर…” म्हणाली आणि गप्प झाली. आम्ही चिवड्याची पुडी फिरवली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “पुढच्या वेळी आम्ही पंचांशी बोलू.” काय बोलणार होतो कोण जाणे. दारव्हा मागे पडल्यावर ती पहिल्यांदा बोलली, अगदी हळू. “आपा, असा नियम का आहे?”

वर्षभरात तिने आम्हाला स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न. उत्तर आमच्याकडे नव्हतं.

शोधायला दोन आठवडे लागले. हा खेळ १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या एका शिक्षकानेच काढला. हिवाळ्यात मुलांना घरात बसून काही खेळता यावं म्हणून. फळांच्या टोपल्या भिंतीवर ठोकल्या आणि तेरा नियम लिहिले. त्या तेरांत फ्री थ्रो नव्हता. एका बाजूने लागोपाठ तीन चुका केल्या, की दुसऱ्या बाजूला एक गोल देऊन टाकायचा. पुढे काही वर्षांतच लोकांना वाटलं, की असं फुकट देण्यापेक्षा ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना संधी द्यावी. फ्री थ्रो आला, आधी २० फुटांवरून, मग लवकरच १५ फुटांवरून.

आणि तेव्हा नेमकं तेच चालायचं, जे आमच्या मुली करू पाहत होत्या. धक्का कोणालाही लागो, थ्रो संघातला सगळ्यांत नेमबाज खेळाडू मारायचा. काही संघांत तर त्याच कामासाठी एक माणूस ठरलेला असे. तीसेक वर्षं असं चाललं. मग १९२३-२४ च्या सुमाराला नियम बदलला, की ज्याला धक्का लागला त्यानेच मारायचं. तो जखमी होऊन बाहेर गेला तरच त्याच्या जागी आलेल्याने. (तांत्रिक फाउलचा थ्रो आजही कोणीही मारू शकतो, पण ती वेगळी गोष्ट.)

हे वाचून वाटलं होतं, की नियम दुबळ्याच्या बाजूचा आहे. तसं सरळ नाही. उलट ज्याचा नेम कच्चा, त्यालाच मुद्दाम धक्के देण्याची चाल यातून निघाली. अमेरिकेचा सात फुटी शकील ओनील, रिंगखाली त्याला अडवणं कोणाला जमेना, पण फ्री थ्रोत तो शंभरातले जेमतेम ५२-५३ टाकायचा. मग प्रतिस्पर्धी त्याला पकडूनच ठेवत. मार तूच, बघू! त्यामुळे हा नियम दयेचा नाही. तो म्हणतो, हक्क तुझा आहे, आणि तो घ्यायला तुलाच शिकावं लागेल.

इथे आम्हाला आमचंच एक जुनं प्रकरण आठवलं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आम्ही दहावी पास झालो तेव्हा पुढे शिकवायचं की नाही यावर घरात बैठक झाली. दिवाणखान्यात अब्बा, चाचा आणि पुसदहून खास आलेले मामू. आम्ही दाराच्या पडद्याआड. मामू आमच्या बाजूने असे काही बोलले, की वकिलाने बोलावं. मुलगी हुशार आहे, काळ बदलला आहे, शिक्षिका झाली तर घरची इज्जत वाढेल. अब्बा मानले. पडद्याआड अम्मीने आमचा हात दाबला. आमच्या खानदानातली कॉलेजात जाणारी पहिली मुलगी आम्ही ठरलो ती मामूंमुळे, अल्लाह त्यांच्या कबरीत नूर भरो. फक्त मामूंनी कला शाखा मागितली. त्यांना वाटलं, तेवढंच मागावं, जास्त मागितलं तर तेही जाईल. आम्हाला विज्ञान हवं होतं. हे कोणाला माहीत नव्हतं, कारण आम्ही सांगितलं नव्हतं. पडदा हातभर अंतरावर होता.

उर्दू आणि मराठीवर आमचं प्रेम आहे, तक्रार नाही. पण आजही दहावीच्या विज्ञानाच्या तासाला प्रयोगशाळेवरून जाताना आमची चाल थोडी मंदावते.

तर मैदानाकडे परत. नियमाचं उत्तर आम्ही मुलींना सांगितलं आणि सरावाची एक वही केली. रोज प्रत्येकीने दहा थ्रो मारायचे, किती गेले ते तिनेच लिहायचं. त्या मुलीने पहिल्या दिवशी लिहिलं, १.

चूक कुठे होते ते समजायला बांगडी कामी आली. घरच्या मुलींनाही करून दाखवण्यासारखं आहे. बांगडी आडवी धरून बरोबर वरून पाहा, पूर्ण गोल दिसते. आता नजर खाली आणत जा. गोल चपटा होत जातो, शेवटी नुसती रेघ उरते. चेंडूलाही रिंग अशीच दिसते. रिंग आतून ४५ सेंटिमीटर रुंद, महिलांचा चेंडू सुमारे २३ सेंटिमीटरचा, म्हणजे रिंग चेंडूच्या जवळजवळ दुप्पट. वरून सरळ पडणाऱ्या चेंडूला भरपूर जागा. पण चेंडू ४५ अंशांच्या उतारावरून आला तर त्याच्या वाट्याला ३२ सेंटिमीटरच येतात, आणि ३० अंशांवरून सपाट आला तर साडेबावीस. चेंडू २३ चा आणि वाट साडेबावीसची! तो कडेला न लागता आत जाणंच शक्य नाही. आमच्या सगळ्या मुली घाबरून सपाट फेकत होत्या, दगड मारावा तसा. हे गणित फळ्यावर त्याच मुलीने सोडवलं. मग सगळ्या आभाळाकडे फेकू लागल्या आणि काही दिवस चेंडू शेजारच्या अंगणातच जास्त पडला.

तिचा आकडा ३ वर आला, ४ वर आला, आणि तिथेच अडकला. खांद्यात जोर नव्हता. तेव्हा आम्ही तिला एका जुन्या पद्धतीबद्दल सांगितलं. चेंडू दोन्ही हातांनी खाली गुडघ्यांजवळ धरायचा आणि झोका दिल्यासारखा खालून वर सोडायचा. अमेरिकेत या पद्धतीला ‘नानीचा थ्रो’ म्हणावं असं चेष्टेचं नाव आहे. रिक बॅरी नावाचा खेळाडू आयुष्यभर असाच मारत आला आणि शंभरातले जवळपास नव्वद टाकत आला. विल्ट चेंबरलेनने २ मार्च १९६२ रोजी एका सामन्यात १०० गुण केले, त्यात ३२ फ्री थ्रोंपैकी २८ याच पद्धतीने. एरवी फ्री थ्रोत अगदी कच्चा माणूस. पण पुढे त्याने ती पद्धत सोडून दिली. लोक हसतील, बायकी वाटतं, म्हणून. आत्मचरित्रात त्याने हे कबूल केलं. पुन्हा पूर्वीसारखा मारू लागला आणि कारकिर्दीअखेर शंभरात ५१ वर राहिला. लोक काय म्हणतील या भीतीपोटी जगातला सगळ्यांत ताकदवान खेळाडू मिळालेला गुण सोडून देत होता, हे ऐकून मुली खूप हसल्या. त्यांना वाटत होतं, ‘लोग क्या कहेंगे’ फक्त आपल्याच गल्लीत असतं.

तिने नानीचा थ्रो मारला. पहिल्या आठवड्यात वहीत ५, मग ६.

सराव म्हटलं, की मुलींना आम्ही महमूद अब्दुल-रऊफ यांचं उदाहरण देतो. मिसिसिपीत गरिबीत वाढलेला मुलगा, पूर्वीचं नाव क्रिस जॅक्सन, १९९१ साली इस्लाम स्वीकारला. त्यांना टुरेटचा विकार होता. त्यात अंगाला आपोआप झटके येतात, तोंडून नको ते आवाज निघतात, आणि एखादी गोष्ट मनासारखी जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा करावीशी वाटते. ज्याचं शरीर त्याच्या ताब्यात नाही, त्याने १९९३-९४ च्या हंगामात २२९ पैकी २१९ फ्री थ्रो आत टाकले. अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेत पगारी खेळाडू गेली कित्येक दशकं शंभरात पंचाहत्तरच्या आसपासच घुटमळत आहेत. बूट बदलले, तालीम बदलली, हा आकडा फारसा बदलला नाही. बहुतेकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, असं आमचं मत.

आणि अमेरिकाच कशाला? मुंबईत नागपाड्याला आमचे नातेवाईक आहेत. मागे एका लग्नाला गेलो तेव्हा रात्री इशानंतर मुलं दिव्यांच्या उजेडात बास्केटबॉल खेळताना पाहिली. आजूबाजूला कबाबच्या गाड्या, वर खिडक्यांतून बायका आणि मध्ये खेळ. नागपाड्यात हा खेळ गल्लीत रुजला आहे. १९२७ च्या सुमाराला अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी तिथे नागपाडा नेबरहूड हाउस सुरू केलं होतं. त्याच नागपाड्याचे गुलाम अब्बास मुन्तसिर भारताचे कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. २०२२ साली त्यांचं निधन झालं. तिथली बास्केटबॉल असोसिएशनही आद्याक्षरांनी ‘एनबीए’च होते, याचा नागपाड्याच्या पोरांना केवढा अभिमान! त्या रात्री मैदानावर मुलगी मात्र एकही दिसली नाही. खिडक्यांत होत्या. आम्ही भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, “खाला, मुली सकाळी येतात.” येत असतील. आम्ही सकाळी निघालो होतो.

पुढच्या वर्षी ती दहावीत. त्या वर्षीच्या स्पर्धेचं फार सांगण्यासारखं नाही. पहिल्याच सामन्यात आम्ही मोठ्या फरकाने हरलो, फ्री थ्रोंनी काही झालं नसतं. तिला चार मिळाले. चारही वेळा चेंडू घेऊन ती स्वतः रेघेवर गेली, गुडघे वाकवले आणि खालून सोडला. पहिल्याला कडेची मुलं हसली. चारांत तीन गेले.

मग निकाल लागला. तिला गणितात ९१. आणि दोन दिवसांनी कळलं, की घरात पुढचं शिक्षण थांबवायचं ठरत आहे. अकरावी विज्ञान आमच्या गावात नाही, रोज एस.टी.ने जावं लागणार. अशा वेळी आम्ही शिक्षिका काय करतो, हे वाचक भगिनींना माहीत असेलच. दोघी-तिघी मिळून त्या घरी जातो, चहा पितो आणि मुलीच्या वतीने बोलतो. वर्षाला दोन-तीन घरं तरी होतात. कधी जमतं, कधी नाही. आमच्या पर्समध्ये अशी भाषणं तयारच असतात, मामूंकडूनच शिकलेली.

या वेळीही गेलो. घर दुकानाच्या मागेच. तिचे अब्बा ट्यूबला ठिगळ लावत बसले होते, हात न थांबवता म्हणाले, “आइए आपा, बैठिए.” अम्मींनी चहा टाकला. आम्ही घसा साफ केला आणि सुरुवात केली, “देखिए भाईसाहब, बच्ची…”

“आपा,” दारातून आवाज आला. “मैं बोलूँ?”

ती बाहेर आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलेलं. घरात एकदम शांत झालं, अम्मी गॅस बारीक करून दाराशी आल्या. ती काही क्षण बोललीच नाही, आणि आमच्या तोंडाशी पुढचं वाक्य येऊन थांबलं होतं. ते गिळणं फार अवघड गेलं, खोटं कशाला सांगू. मग ती बोलायला लागली. भाषण नव्हतं ते. सकाळची गाडी किती वाजता, परतीची किती वाजता, चुकली तर पुढची कोणती. मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास फुकट आहे, फॉर्म तिने आगारातून आणला होता. मोहल्ल्यातल्या आणखी दोन मुली त्याच गाडीने जाणार आहेत. एवढं सांगून ती थांबली. आवाज मध्ये एकदा फाटला, पण तिने वाक्य पुरं केलं.

अब्बांनी ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे येतात का पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिच्याकडे न बघता विचारलं, “बायोलॉजी लेगी या खाली मैथ्स?”

ती म्हणाली, “दोनों.”

त्यांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. चहा झाला, आम्ही निघालो. पंधरवड्याने ते स्वतः तिला घेऊन कॉलेजात प्रवेशाला गेल्याचं कळलं. पहिल्या महिनाभर सकाळी मोटारसायकलवर स्टँडपर्यंतही सोडत होते. पुढचं पुढे, बारावीनंतर पुन्हा घरात बैठक बसेल, हे आम्हालाही ठाऊक आहे आणि तिलाही.

जाण्याआधी ती शाळेत येऊन स्कार्फ परत देऊन गेली, धुऊन, इस्त्री करून. तो आता सातवीतल्या एका मुलीकडे आहे. मुलगी बुटकी आहे, स्कार्फ तिला मोठा होतो, गळ्याशी एक टाका घातला आहे. गेल्या आठवड्यात सरावात तिला मोठ्या मुलीचा धक्का लागला. शिट्टी आमच्याच गळ्यात असते, आम्ही वाजवली. चेंडू हातात घेऊन ती वळली आणि मोठ्या मुलींकडे निघाली, तशा चौघी-पाचजणी एकदमच ओरडल्या, “तूच मार!”

तिने दोन्ही मारले. पहिला पत्र्यावर आदळून शेजारच्या अंगणात गेला आणि तिथल्या खालांनी नेहमीप्रमाणे बडबड करत परत फेकला. दुसरा रिंगवर दोनदा उडून आत पडला. वहीत तिने स्वतःच लिहिलं. तेवढ्यात घंटा झाली आणि आम्ही नववीच्या तासाला गेलो.